मेल चुकून गेला? हातात फक्त काही सेकंद

पीक विम्याची कागदपत्रं चुकीच्या पत्त्यावर मेल केली, तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. जीमेलमध्ये 'पाठवा' दाबल्यावर मेल लगेच निघत नाही, साधारण 5 सेकंद थांबतो. तेवढ्यात 'अनडू' म्हणजे 'पूर्ववत करा' दाबलं की पाठवणं रद्द. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये जाऊन ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते.

वेबसाइट बनवणारेही असंच उशिराचं काम लावतात. जावास्क्रिप्टमध्ये 'सेटटाइमआउट'ला काम आणि 5000 मिलिसेकंद सांगितले, की 5 सेकंदांनी ते काम सुरू होतं. त्या टायमरला नंबर मिळतो. तोच नंबर 'क्लिअरटाइमआउट'ला दिला की काम रद्द. पण मुदत संपून काम झालं, तर रद्द करायला काही उरत नाही. म्हणून 'पाठवा' दाबण्याआधीच पत्ता नीट बघा.