लॉग टेबल नाही, कॅल्क्युलेटरही नाही!

नोव्हेंबर जवळ आला की क्लेटनमध्ये ज्यांच्या घरी बारावीचं मूल आहे, तिथे 'मेथड्स'ची काळजी सुरू होते. त्यातला पहिला पेपर एक तासाचा, ४० गुणांचा. त्याला कॅल्क्युलेटरही नेता येत नाही आणि नोट्सही नाहीत. अशा वेळी मुलाने लॉगचं गणित पुढे ठेवलं की आपल्याला आठवतं आपलं लॉग टेबल आणि ते ०.३०१०! पण इथे दशांशातलं उत्तर उपयोगाचं नाही. वेगळं सांगितलं नसेल तर अचूक किंमतच लिहावी लागते. म्हणून टेबल विसरा, नियम आठवा.

लॉग म्हणजे घातांक. २ चा तिसरा घात ८, म्हणून २ या पायाला लॉग ८ = ३. (खाली सगळीकडे पाया २ धरला आहे. पेपरात पुष्कळदा 'ई' असतो, नियम तेच.) पाया सारखा असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी. लॉगचे नियम त्यातूनच आले:

१. लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब
२. लॉग (अ ÷ ब) = लॉग अ − लॉग ब
३. न × लॉग अ = लॉग (अ चा न वा घात)

आता करून पाहू.

• लॉग ४८ − लॉग ३ = लॉग १६ = ४
• २ लॉग ६ − लॉग ९ = लॉग ३६ − लॉग ९ = लॉग ४ = २
• लॉग १२ = लॉग ४ + लॉग ३ = २ + लॉग ३

शेवटच्या उदाहरणात इथेच थांबायचं. हेच अचूक उत्तर!

गुण जातात ते दोन ठिकाणी. एक, बेरजेचा लॉग फोडता येत नाही. लॉग (४ + ४) म्हणजे लॉग ८, म्हणजे ३. पण लॉग ४ + लॉग ४ = ४. दुसरं, समीकरण. लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३ यावरून क्ष (क्ष − २) = ८, म्हणून क्ष = ४ किंवा −२. ऋण संख्येचा लॉग नसतो, म्हणून −२ सोडून द्यायचं. ते का सोडलं, हे एका ओळीत लिहायला मुलांना जरूर सांगा.

आज जेवणानंतर मुलांबरोबर एक गणित सोडवून बघा: लॉग ४० − लॉग ५ + २ लॉग ४. उत्तर ७ यायला हवं!