टीव्हीला सांगा, 'मी कॉम्प्युटर आहे!'

लॅपटॉपला टीव्ही जोडला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हा काय नवा जुगाड?" नवा कसला! घरगुती कॉम्प्युटर वाढला तोच टीव्हीच्या जिवावर. सप्टेंबर १९७३मध्ये 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' झळकला. कीबोर्डवर टाइप करा, अक्षरं घरच्या टीव्हीवर बघा. ओळी १६, एका ओळीत ३२ अक्षरं. सोसायटीची पार्किंगची नोटीससुद्धा त्यात मावली नसती, पण तेव्हाच्या हौशी मंडळींनी त्यावर उड्या मारल्या.

त्याच्याही आधी, १९७२मध्ये, 'मॅग्नावॉक्स ओडिसी' हा टीव्हीला जोडायचा पहिला घरगुती व्हिडिओ गेम आला. त्यात रंग नव्हते आणि आवाजही नव्हता. टेनिसचं कोर्ट हवं असेल तर त्याचं चित्र छापलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा! स्कोअरही आपणच लिहायचा.

घरातलं खासगी दूरदर्शन केंद्र

तेव्हाच्या टीव्हीला मागे एकच भोक, अँटेनाचं. मग कॉम्प्युटरनं चित्र पाठवायचं कुठून? युक्ती भन्नाट होती. कॉम्प्युटर चक्क प्रक्षेपण केंद्र असल्याचं सोंग घ्यायचा. १९८२चा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' चॅनेल ३६वर 'लागायचा'. बटण फिरवत फिरवत, मुंग्यांमधून चित्र शोधायचं. 'अ‍ॅपल टू'च्या खोक्यात मात्र हे सोंग वठवणारा मॉड्युलेटर नव्हताच. त्यानं शेजारपाजारच्या टीव्हीत खरखर होऊ शकते आणि अमेरिकेचे नियम त्याबाबत कडक. म्हणून अ‍ॅपलनं तो भाग एका छोट्या कंपनीला वेगळा विकू दिला. कायदा पाळला, धंदाही झाला.

टीव्हीच्या धूसरपणाचा शिक्का कॉम्प्युटरवरही बसला. 'अ‍ॅपल टू' आणि 'कमोडोर ६४' एका ओळीत ४० अक्षरं दाखवत, कारण ८० अक्षरं घरच्या रंगीत टीव्हीवर वाचताच यायची नाहीत. आपल्याकडे १९८४पासून 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये जे बीबीसी मायक्रो आले, त्यांनाही मागे टीव्हीची जोडणी होतीच.

आणि हा धूसरपणा कधीकधी पथ्यावरही पडायचा. १९८१च्या आयबीएम पीसीचं 'सीजीए' ग्राफिक्स कार्ड महागड्या मॉनिटरवर खेळांमध्ये जेमतेम ४ रंग दाखवायचं. तेच साध्या अमेरिकी टीव्हीला जोडलं, की शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून १६ रंग उमटायचे! आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर मात्र ही गंमत चालत नसे.

१९८५मध्ये विम व्हॅन एक या डच संशोधकानं तर सगळ्यांची झोप उडवली. कॉम्प्युटरच्या पडद्यातून बाहेर सांडणाऱ्या लहरी थोड्याफार फेरफार केलेल्या टीव्हीवर पकडून त्यानं दुसऱ्याच्या स्क्रीनवरचा मजकूर लांबून वाचून दाखवला. म्हणजे शेजाऱ्याचा मॉनिटर आपल्या टीव्हीवर!

बदक मरेना, कारण टीव्ही बदलला

नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'फॅमिकॉम' या टीव्हीला जोडायच्या जपानी व्हिडिओ गेमच्या नकलांचा सुळसुळाट होता. पिवळी कॅसेट, सोबत प्लास्टिकची बंदूक आणि बदकं टिपायचा 'डक हंट'. माळ्यावरची ती बंदूक आज काढून एलईडी टीव्हीला जोडलीत, तर एकही बदक पडणार नाही. दोष नेमबाजीचा नाही. ती बंदूक काहीही सोडत नाही, ती फक्त बघते. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक खलास. जुन्या पिक्चर ट्यूबवर हा उजेड तत्काळ दिसायचा आणि त्याची लुकलुकही त्या सेन्सरला ओळखीची होती. आजचा टीव्ही आधी चित्र पोटात घेतो, त्यावर साजशृंगार करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते.

हा साजशृंगारच आजच्या टीव्हीची खरी खोड आहे. त्याला वाटतं, आपल्याकडे जे येतंय तो सिनेमाच. मग तो रंग गडद करतो, कडा रेखीव करतो, हालचाल मऊ करतो. सिनेमाला हे चालून जातं, एक्सेलच्या तक्त्याला नाही. माउस हलवल्यावर बाण अर्ध्या ढेकरेनंतर हलतो, तो याच पायी. उपाय एका बटणाचा आहे, 'गेम मोड'. गेम खेळत नसाल तरी लावा.

घड्याळ कुठे गेलं?

विंडोज टीव्हीवर दिसलं, पण खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ अर्धं कापलंय, टास्कबार गायब. यामागे पिक्चर ट्यूबच्या जमान्याची सवय आहे. तेव्हा चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा चौकटीमागे दडवायचे. स्पेक्ट्रम आणि कमोडोरच्या पडद्याभोवती ती जाड रंगीत चौकट होती, ती अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणूनच. ट्यूब गेली, सपाट पडदे आले, त्यांच्या कडा सुतासारख्या सरळ. तरी सवय जात नाही. कंपन्यांनी ती बंद करायची सोय दिलीय, पण एकमत होईल तर शपथ! एलजी म्हणते 'जस्ट स्कॅन', सॅमसंग 'स्क्रीन फिट', सोनी 'फुल पिक्सेल', शार्प 'डॉट बाय डॉट'. चारही एकच.

दुसरी तक्रार अक्षरांची. काळ्यावर पांढरं ठीक दिसतं, पण निळ्यावर लाल लिहिलं की अक्षरांना जणू पाणी लागलंय. आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला फरक मात्र ढोबळ. याचा फायदा घेऊन व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा साठवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एक. सिनेमात हे कळतही नाही, पण दोन ठिपके जाडीच्या अक्षराची वाट लागते. बरेच टीव्ही कॉम्प्युटरकडून प्रत्येक ठिपक्याचा वेगळा रंग आला तरी स्वतःहून तो पुसट करतात.

इथे सगळ्यात मजेशीर तोडगा. एलजी आणि सॅमसंगच्या अनेक मॉडेल्समध्ये सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून 'पीसी' करायचं. बस्स. नाव बदललं की टीव्ही शहाण्यासारखा वागायला लागतो आणि अक्षरं लख्ख होतात. नुसत्या नावावर काम होणारी ही बहुधा घरातली एकमेव वस्तू!

आकड्यांची भानगड

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही स्वस्तात मिळतो म्हणून मॉनिटर करायला घेऊ नका. त्यात १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला सुमारे ४९. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ते ९२च्या आसपास असतात. याउलट ४३ इंची फोर-के टीव्हीला इंचाला १०२ ठिपके. गणित करून बघा, साडेएकवीस इंची चार फुल एचडी मॉनिटर, मधल्या पट्ट्या काढून, खेटून ठेवले की नेमका ४३ इंची फोर-के होतो. शेअर बाजारवाल्यांनी ही नोंद करून ठेवावी.

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण उड्या मारत असेल तर लॅपटॉपचं एचडीएमआय तपासा. २००९च्या १.४ आवृत्तीत फोर-केला सेकंदाला जेमतेम ३० चित्रं जातात. ६० हवी असतील तर २०१३ची २.० लागते. टीव्हीतही सगळी भोकं सारखी नसतात, काही मॉडेल्समध्ये ठरावीक पोर्टच पूर्ण क्षमतेचं. ओएलईडी टीव्ही घेतलात तर टास्कबार आपोआप लपेल असं करा. दिवसभर एका जागी असलेली पट्टी त्या पडद्यावर कायमचा डाग सोडू शकते.

वायर, वायर आणि वायर

टीव्हीची यूएसबी जागा पेन ड्राइव्हसाठी असते. तिथे लॅपटॉपची यूएसबी वायर खुपसून चित्राची वाट बघत बसणारे कमी नाहीत. सी-टाइप पोर्ट असलेल्या प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर पडतं असंही नाही, स्वस्त फोनमधून बहुतेकदा पडत नाहीच. पिवळी-लाल-पांढरी पिनवाला जुना व्हीसीडी प्लेअर टीव्हीच्या एचडीएमआयला जोडायचा, किंवा निळ्या व्हीजीएवाला लॅपटॉप, तर नुसती वायर पुरत नाही. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागताना दिशा स्पष्ट सांगा. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या दोन वेगळ्या डब्या आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग वायरीनं रंग खुलतात, हे मात्र सपशेल झूट. डिजिटल चित्र नीट पोचतं तेव्हा जसंच्या तसंच पोचतं. वायर फार लांब किंवा फार सुमार असेल तर ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा चित्रच गायब होतं.

तेव्हा कामासाठी टीव्ही घ्यायला निघालात, तर शोरूममधला मोरपंखी डेमो व्हिडिओ बघून भुलू नका. लॅपटॉप आणि स्वतःची एचडीएमआय वायर बरोबर न्या. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत आपलं नाव बारीक टाइपात लिहा आणि हातभर अंतरावरून वाचा. 'पीसी' करूनही धूसर दिसलं, तर पुढचा टीव्ही बघा.