५८ नंतरही नोकरी सुरू आहे? पीएफच्या पासबुकातला पेन्शनचा रकाना बघा

साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, पतसंस्था. सगळीकडे ५८ वर्षं उलटल्यावरही कामावर ठेवलेली माणसं आहेत. वॉचमन, शिपाई, बॉयलरवरचा जुना हात. पीएफ पूर्वीसारखाच कापला जातो, म्हणून सगळं तसंच चालू आहे असं वाटतं. पण ५८ पूर्ण झाले की त्या पैशाची वाट बदलते.

समजा पगार १५,००० रुपये आहे. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफमध्ये जातात. मालकही १,८०० भरतो, पण त्यातले १,२५० पेन्शन फंडात जातात आणि ५५० पीएफला मिळतात. ५८ नंतर पेन्शन फंडात भरणा बंद व्हायला हवा आणि मालकाचे पूर्ण १,८०० पीएफमध्येच यायला हवेत. पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलून भरणा चालू ठेवण्याचा पर्याय स्वतः दिला असेल, तर गोष्ट वेगळी.

गडबड होते ती इथे. टाइम ऑफिसात जुनीच टक्केवारी चालू राहते, किंवा जन्मतारखेचा घोळ असतो. गुरुजींनी लिहिलेली १ जून दाखल्यावर आणि आधारवर भलतीच तारीख, हे आपल्याकडे घरोघरी आहे. मग वर्षाला १५,००० रुपये चुकीच्या खात्यात पडत राहतात. तिथे त्यावर पीएफसारखं व्याज मिळत नाही आणि पेन्शनही वाढत नाही. वर क्लेम करताना फाईल अडकते ती वेगळीच.

मोबाईलवर उमंग ॲपमध्ये यूएएन टाकून पासबुक उघडा. ५८ नंतरच्या महिन्यांत पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं पाहिजे. आकडा दिसला तर आस्थापनेकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुरुस्ती पीएफ ऑफिसकडे मालकामार्फतच जाते.

आता टॅक्सचं. ५८ नंतर पीएफमध्ये जाणाऱ्या पैशाला वयामुळे वेगळा टॅक्स लागत नाही. जुन्या करपद्धतीत स्वतःच्या भरण्यावर ८०-सी ची सूट मिळते, नव्या पद्धतीत नाही. सलग पाच वर्षं नोकरी झालेली असेल तर काढलेली रक्कम करमुक्त. मात्र काम सुटल्यावर पैसे खात्यातच ठेवले, तर त्यानंतरचं व्याज करपात्र उत्पन्नात धरलं जातं. हे कुणी सांगत नाही. तीन वर्षांत पैसे काढले नाहीत तर खातं निष्क्रिय होऊन व्याजही थांबतं.

आणखी एक. दहा वर्षांची पेन्शनपात्र नोकरी झाली असेल तर ५८ नंतर काम चालू असतानाही पेन्शन घेता येते. त्यासाठी १०-डी फॉर्म भरावा लागतो, राजीनामा द्यावा लागत नाही. ही पेन्शन पगारासारखं उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये दाखवायची असते.