मुख्य कर्म, अंगकर्म आणि देयकातील संकेतांक

भगंदराच्या रुग्णाचे देयक विमा कंपनीकडे गेले की गुददर्शन, एषण व क्षारसूत्रबंधन यांपैकी एकाच बाबीची रक्कम मंजूर व्हावी आणि उरलेल्यांपुढे ‘मुख्य कर्मात समाविष्ट’ असा शेरा यावा, हा अनुभव शल्यकर्म करणाऱ्या वैद्यांना नवा नाही. हा शेरा प्रत्येक वेळी अन्यायाचाच असतो असे नाही. त्यामागे एक पद्धती आहे व ती समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

ही पद्धती मोठ्या तपशिलाने अमेरिकेत विकसित झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली ‘सीपीटी’ ही संकेतावली प्रथम प्रसिद्ध केली. आज तीत प्रत्येक कर्मास पाच अंकी संकेतांक असतो. त्यांतील दोन प्रकारांत नवख्याची हमखास गल्लत होते. कारण दोन्ही वरवर ‘जास्तीचे’ वाटतात, परंतु त्यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत.

पहिला ‘ॲड-ऑन’, म्हणजे पूरक कर्म. हे एकटे कधीही लावता येत नाही. व्रणशोधन पाहा. त्वचेखालील धातूपर्यंतच्या पहिल्या २० चौरस सेंटिमीटरसाठी ११०४२ आणि पुढील प्रत्येक २० किंवा त्याच्या अंशासाठी ११०४५. व्रण ५० चौ. सेंमी. असल्यास ११०४२ एकदा व ११०४५ दोनदा. एकाच वेळी अनेक शस्त्रकर्मे केल्यास तेथील मेडिकेअर योजना दुसऱ्यापासून निम्मीच रक्कम देते. पूरक कर्मास मात्र ही कपात नाही, कारण त्याचा दर मुळातच वाढीव कामापुरता ठरविलेला असतो. (आपल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत अशी कपात १००, ५० व २५ टक्के या क्रमाने होते.)

दुसरा ‘सेपरेट प्रोसीजर’. नाव फसवे आहे. जे कर्म एरवी मोठ्या कर्माचे अंग असते, ते एकटेच केले असेल तरच त्याचे मूल्य मागावे, असा त्याचा अर्थ. निदानार्थ गुददर्शन, ४६६००, हे त्याचे उदाहरण. भगंदराच्या शस्त्रकर्माबरोबर केल्यास ते त्यातच विलीन होते. आपले एषणही याच जातीचे म्हणावे लागेल. अष्टविध शस्त्रकर्मांत त्याची गणना असली तरी भेदनापूर्वी केलेल्या एषणाचे वेगळे मूल्य मागणे मला सयुक्तिक वाटत नाही.

क्षारसूत्राची गोष्ट वेगळी आहे, आणि सावध राहावयाचे ते येथेच. सीपीटीत केवळ सीटॉन म्हणजे धागा घालण्यास ४६०२० हा संकेतांक आहे. परंतु संवरणी स्नायूतून जाणाऱ्या भगंदराच्या शस्त्रकर्मात, ४६२८० मध्ये, धागा घातला असल्यास तोही अंतर्भूतच धरला जातो. तेथे धागा बहुधा स्राव वाहता ठेवण्यासाठी असतो. क्षारसूत्र छेदन, शोधन व रोपण स्वतःच घडविते. ते प्रधानकर्म होय. शिवाय तेथे मोठ्या शस्त्रकर्मानंतरच्या ९० दिवसांतील नेहमीची देखभाल मूळ दरातच येते. हाच नियम जसाच्या तसा येथे आला तर दर आठवड्याचे सूत्र बदलणे पश्चात्कर्म ठरेल आणि आठ-दहा आठवड्यांच्या चिकित्सेचे मूल्य पहिल्या दिवसाच्या दरात संपेल.

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. आयुष उपचारांना इतर पद्धतींच्या बरोबरीने विमासंरक्षण देण्याचा विमा नियामक प्राधिकरणाचा आदेश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. २०२४ च्या जानेवारीत आयसीडी-११ मध्ये आलेले आपले संकेतांक व्याधींचे आहेत, कर्मांचे नव्हेत. कर्मांच्या जागतिक वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचा विभाग तयार करण्यासाठी मे २०२५ मध्ये आयुष मंत्रालय व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला आहे. प्रधान काय आणि अंग काय, हे त्या वेळी आपल्या शल्यतज्ज्ञांनीच सांगावयास हवे.

तोवर कर्मनोंदीत भगंदराच्या मार्गांची संख्या, लांबी व संवरणीशी संबंध लिहावा. प्रत्येक सूत्रबदलाच्या दिवशी उरलेली लांबी सेंटिमीटरमध्ये नोंदवावी. छेदन चालू असल्याचा तोच पुरावा होय. औषधालयांच्या चालकांनीही एक पथ्य पाळावे. ठराविक दराच्या कर्मासाठी दिलेले सूत्र, पिचू व व्रणबंधनाचे साहित्य रुग्णाच्या नावे वेगळ्या बिलात दाखवू नये. ते बिल रुग्णालयाच्या नावे करावे. घरी घ्यावयाच्या गुग्गुळकल्पांचे व अवगाहाच्या काढ्याचे बिल मात्र वैद्याच्या चिठ्ठीसह स्वतंत्रच असावे.