वाऱ्यासाठी राखलेली हिरवी वाट

शहरातील हिरवाई बहुधा झाडांच्या संख्येवरून मोजली जाते. परंतु ती हिरवाई सलग आहे की विखुरलेली, याला किती महत्त्व असते, हे नैर्ऋत्य जर्मनीतील श्टुटगार्ट शहराने दाखवून दिले आहे. नेकार नदीच्या खोऱ्यालगत, टेकड्यांनी वेढलेल्या ज्या खोलगट भागात हे शहर वसले आहे, त्याला तेथील लोक ‘केसल’ म्हणजे हंडा म्हणतात. या हंड्यात वारा मुळातच मंद असल्याने धूर व उष्णता कोंडून राहतात. दिवसा तापलेले काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहिल्याने शहर भोवतालच्या खेड्यांहून अधिक उबदार राहते. या परिणामाला ‘नागरी उष्णता बेट’ असे म्हणतात.

झाडे या उष्णतेवर दिवसा दोन प्रकारे उतारा देतात. त्यांच्या सावलीमुळे जमीन तापत नाही आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. बाष्पोत्सर्जन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेत एका लिटर पाण्यामागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. रात्रीचे काम मात्र उतारावरच्या मोकळ्या गवताचे असते. सूर्यास्तानंतर गवत आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने सोडते, त्याला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि पाण्याप्रमाणे उतारावरून खाली वाहू लागते. हा प्रवाह उथळ व संथ असल्यामुळे उताराला आडवी उभी राहिलेली इमारतींची रांग त्याला सहज अडवू शकते, तर दाट झाडीनेही त्याचा वेग मंदावतो.

हे ओळखून श्टुटगार्टच्या नगरप्रशासनाने 1938 मध्येच हवामानतज्ज्ञाची नेमणूक केली. पुढे हवेचे प्रवाह नकाशांवर नोंदवले गेले, त्यांच्या आधारे टेकड्यांच्या उतारांवरील बांधकामावर मर्यादा आल्या आणि 2008 मध्ये संपूर्ण परिसराचा ‘हवामान अ‍ॅटलास’ प्रसिद्ध झाला. 1993 च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनाच्या निमित्ताने रस्त्यांवर पादचारी पूल बांधून श्लॉसगार्टन, रोझेनश्टाइन आणि किलेसबर्ग ही उद्याने जोडण्यात आली. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा हा सुमारे आठ किलोमीटरचा पट्टा ‘हिरवा यू’ या नावाने ओळखला जातो.

झाड पुन्हा लावता येते, पण इमारतींनी एकदा बुजवलेली वाऱ्याची वाट मोकळी करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच नगररचनेच्या आराखड्यात ही वाट इमारतींच्या आधी रेखाटली गेली पाहिजे.