फुगवता येणारी कनू

फुगवता येणारी कनू ही हवाबंद कप्प्यांत हवा भरून तरंगती केली जाणारी, वल्ह्याने चालवावयाची हलकी व निमुळती नौका होय. हवा काढून टाकल्यावर तिची घडी करता येते आणि ती एका मोठ्या पिशवीत मावते. नदी, तलाव किंवा धरणाचा जलाशय यांच्या संथ पाण्यात कौटुंबिक सहलीसाठी तिचा वापर केला जातो. लाकूड, फायबर किंवा कठीण प्लास्टिकच्या कनूपेक्षा ती वाहून नेणे सोपे असते. मात्र हाच हलकेपणा वाऱ्यात आणि प्रवाहात तिचा मोठा दोष ठरतो. त्यामुळे नौका कोणती घ्यावी यापेक्षाही ती कोणत्या पाण्यात आणि कोणत्या वेळी उतरवावी, हा निर्णय अधिक महत्त्वाचा असतो.

संज्ञा

कनू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे युरोपात पोहोचला. कनू सामान्यतः वरून उघडी असते आणि ती एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची कयाक ही वरून झाकलेली असून तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. फुगवता येणाऱ्या नौकांत हा भेद पुसट झाला आहे. अनेक कनूंसोबत दुहेरी पात्याचीच वल्ही मिळतात. खळाळत्या पाण्यातील साहसी सहलींसाठी वापरली जाणारी रुंद व जड राफ्ट मात्र वेगळी. तिची तुलना कनूशी करू नये.

पूर्वपीठिका

हवेच्या आधाराने नदी ओलांडण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ९ व्या शतकातील असीरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांच्या आधाराने पोहणारे सैनिक कोरलेले आहेत. हे शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात सैन्याने पाणी ओलांडण्याच्या साधनांमध्ये नौकांबरोबर भोपळे आणि दृती, म्हणजे फुगवलेल्या कातडी पिशव्या, यांचाही उल्लेख येतो. महाराष्ट्रात वाळलेल्या भोपळ्यांची सांगड हे नदी उतरण्याचे परिचित साधन होते, तर ऊसपट्ट्यात पुराच्या वेळी गूळ तयार करण्याची काहील नावेसारखी वापरली जात असे. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पोहायला शिकणे ग्रामीण भागात आजही प्रचलित आहे.

आधुनिक फुगवत्या नौकेचा आरंभ रबराच्या प्रक्रियेशी जोडलेला आहे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातील अधिकारी पीटर हॅल्केट यांनी रबरी कापडाची फुगवता येणारी नौका तयार केली. तिचा एक प्रकार अंगावर झग्यासारखा घेता येई.

रचना

अशा कनूला सामान्यतः दोन बाजूंच्या दोन नळ्या आणि तळाचा एक कप्पा असे किमान तीन स्वतंत्र कप्पे असतात. एखादा कप्पा फुटला तरी उरलेल्या कप्प्यांमुळे नौका तरंगत राहावी, हा त्यामागील हेतू होय. एकाच कप्प्याची नौका हे खेळणे समजावे.

साध्या प्रकारात पीव्हीसीच्या पत्र्याच्या नळ्या असतात. त्याहून मजबूत प्रकारात पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या कापडाचे बाह्य आवरण आणि आत हवेची निराळी थैली असते. तिसऱ्या प्रकारात तळाचे वरचे व खालचे थर हजारो धाग्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे जास्त दाबाने हवा भरता येते व तळ फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. तळ जितका ताठ, तितकी नौका सरळ चालते आणि वल्हवण्याचे श्रम कमी होतात. मागच्या बाजूस तळाखाली लावावयाची लहान उभी पाती नौकेची दिशा स्थिर ठेवते. उथळ पाण्यात ती काढून ठेवावी लागते.

निवड

पहिला निकष भारक्षमतेचा आहे. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार नौकेने बाजूला सारलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे सुमारे एक किलोग्रॅम भार तोलला जातो. परंतु निर्मात्याने नमूद केलेली कमाल क्षमता पूर्ण वापरल्यास कडा पाण्याच्या अगदी जवळ येते आणि वळणे अवघड होते. म्हणून त्या क्षमतेच्या सुमारे दोन तृतीयांश भारच धरावा. उदाहरणार्थ, प्रत्येकी ६५ किलोग्रॅमच्या दोन प्रौढ व्यक्ती, २५ व २० किलोग्रॅमची दोन मुले आणि १५ किलोग्रॅम सामान मिळून १९० किलोग्रॅम होतात. अशा कुटुंबाला २८५ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक क्षमतेची नौका लागेल. ती न मिळाल्यास दोन लहान नौका घेणे आणि प्रत्येकीत एक सक्षम प्रौढ असणे श्रेयस्कर.

दुसरा निकष वाहतुकीचा. कुटुंबासाठीची नौका साधारणतः १२ ते २० किलोग्रॅमची असते आणि मोटारीच्या डिकीत मावते. माळशिरस तालुक्यातील वेळापूरसारख्या, प्रत्यक्ष नदीकाठी नसलेल्या गावातील कुटुंबाला नौका अकलूजजवळच्या नीरेपर्यंत किंवा भीमेपर्यंत गाडीतूनच न्यावी लागते. तेथे घडी होण्याचा गुण उपयोगी पडतो.

तिसरा निकष काटे व खडक यांना तोंड देण्याच्या क्षमतेचा. भीमा-नीरेच्या काठी वेड्या बाभळीचे दाट रान असते व तिचे काटे पातळ पीव्हीसीत सहज शिरतात. कापडी आवरण असलेली नौका येथे अधिक टिकते. व्हॉल्व्ह, दोन्ही दिशांनी चालणारा हातपंप, दाबमापक आणि दुरुस्तीचे साहित्य सोबत आहे किंवा नाही, हेही पाहावे.

हवेचा दाब आणि ऊन

कमी दाबाची नौका मध्यभागी वाकते. अतिदाबाने सांधे उसवतात. घनफळ कायम असताना बंद हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंश सेल्सिअसला २.५ पीएसआय दाबाने भरलेल्या नौकेतील हवा उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, तर दाब ४ पीएसआयच्या पुढे जाऊ शकतो. सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात गडद रंगाच्या नळ्यांना ही वेळ लवकर येते. म्हणून भरलेली नौका काठावर उन्हात ठेवू नये. पाण्याबाहेर काढताच थोडी हवा सोडावी आणि पुन्हा उतरवताना दाब तपासावा. गार पाण्यात टेकल्यावर दाब उतरतो, तेव्हा नौका फुटली असे समजण्याचे कारण नाही.

भीमा-नीरा खोऱ्यातील परिस्थिती

या खोऱ्यातील पाणी मुख्यतः धरणांतून नियंत्रित होते. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण आणि नीरेवरील वीर धरण यांतून सोडलेल्या पाण्यावर खालच्या पात्राची पातळी अवलंबून असते. नीरा नरसिंहपूर येथे दोन्ही नद्यांचा संगम होत असल्याने पंढरपूरच्या बाजूला दोन्ही धरणांचा विसर्ग पोहोचतो. स्थानिक आकाश निरभ्र असतानाही घाटमाथ्यावरील पावसामुळे विसर्ग वाढू शकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. विसर्ग १०,००० क्युसेक असल्यास सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी पात्रातून जाते. अशा प्रवाहाविरुद्ध हलकी कनू वल्हवून परत येणे शक्य नसते. सहलीच्या आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी विसर्गाची माहिती घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे टाकून पाणी अडवतात. त्यामुळे वरच्या बाजूला तयार होणारा संथ फुगवटा कौटुंबिक सहलीस सर्वांत अनुकूल असतो. मात्र बंधाऱ्यापासून दूर राहावे. उघड्या गाळ्यांकडे पाणी ओढले जाते, तर बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलट फिरते आणि त्यात सापडलेली व्यक्ती किंवा नौका बाहेर येऊ शकत नाही. नीरा उजव्या कालव्यासारख्या कालव्यातही नौका उतरवू नये. उतरत्या, गुळगुळीत काठांमुळे तेथून बाहेर पडणे कठीण असते.

वाळूच्या उपशामुळे पात्रात अचानक खोल खड्डे आढळतात, म्हणून मुलांना उथळ दिसणाऱ्या पाण्यातही एकटे उतरू देऊ नये. शेतीपंपांचे पाइप व विजेच्या केबली, मासेमारीची जाळी आणि जलपर्णी हे आणखी अडथळे होत. कृष्णा व वारणा या नद्यांत, विशेषतः सांगली जिल्ह्यात, मगरी आढळतात. तेथे फुगवती नौका वापरू नये.

मोठ्या जलाशयात वारा हा मुख्य धोका असतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची ही स्थिती होते, तर पाण्यावर अल्गद टेकलेली फुगवती कनू वाऱ्याने कोठेही ढकलली जाणे स्वाभाविक आहे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा एकाएकी उठतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील सकाळ सर्वांत सुरक्षित मानावी, काठाकाठानेच जावे आणि पुरात किंवा पावसाळी प्रवाहात नौका उतरवू नये.

वापर व सुरक्षितता

प्रत्येकाने आपल्या मापाचे लाइफ जॅकेट काठावरच घालून बंद करावे. आयएसओ १२४०२ या मानकात ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी तरंगण्याचे साहाय्य मानले आहे. मुलांसाठी व न पोहणाऱ्यांसाठी किमान १०० न्यूटनचे घ्यावे. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा, अन्यथा ते डोक्यावरून निसटते. मुलाला नौकेला कधीही बांधू नये. साडी, ओढणी किंवा सैल धोतर पाण्यात पायांभोवती गुंडाळले जाते, म्हणून आटोपशीर वस्त्रे घालावीत.

अनुभवी व्यक्तीने मागे बसावे, कारण दिशा मागून सांभाळली जाते. मुले मध्यभागी बसवावीत व जड सामान तळाशी ठेवावे. नौकेत उभे राहू नये. जाताना वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघावे, म्हणजे थकल्यावरचा परतीचा मार्ग सोपा राहतो. नौका उलटल्यास पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न न करता नौकेला धरून राहावे. ती तरंगते आणि दुरून दिसते. कमरेइतक्या संथ पाण्यात नौका मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव पहिल्या सहलीपूर्वीच करावा. काठावरील एका व्यक्तीला जाण्याचे ठिकाण व परतण्याची वेळ सांगून ठेवावी. जलाशयात उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे आणि अभयारण्याच्या क्षेत्रात वन विभागाकडे परवानगीची चौकशी करावी.

देखभाल

वापरानंतर नौका गोड्या पाण्याने धुऊन कप्प्यांच्या सांध्यांतील वाळू काढावी आणि सावलीत पूर्ण वाळवूनच घडी करावी. ओल राहिल्यास बुरशी येते. गोदामात किंवा शेतघरात ठेवताना उंदरांपासून जपावे. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे छिद्र असते. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन पीव्हीसीवर धरत नाही, त्यासाठी पीव्हीसीचा निराळा चिकटद्रव आणि त्याच पदार्थाचे ठिगळ लागते. ठिगळ लावल्यावर नौका घरीच फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी दाब टिकला असेल, तरच ती पाण्यात न्यावी.