मोतीबिंदू : नजर लांबची ठेवावी की जवळची?

बँकेत पेन्शन न्यायला येणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असते. रस्त्यावरचा माणूस त्यांना स्वच्छ ओळखू येतो, पण पासबुकातील आकडा आम्हाला वाचून दाखवावा लागतो. शस्त्रक्रिया फसली, अशी त्यांची समजूत होते. बहुतेक वेळा ती फसलेली नसते; भिंग लांबच्या नजरेचे बसवलेले असते, एवढेच.

डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात. असे पहिले भिंग डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवले. पण त्याची शक्ती इतकी जास्त निघाली की रुग्णाला मोठा उणे नंबर आला. आता बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर आधीच काढतात. लांबी मोजताना एक मिलिमीटर चुकले, तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीच-तीनचा फरक पडतो!

साधे भिंग एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवते. नंबर शून्य धरला तर एसटीची पाटी चष्म्याविना दिसते, वाचायला मात्र चष्मा लागतो. उणे अडीच धरला तर चाळीस सेंटिमीटरवरचे अक्षर उघड्या डोळ्यांनी वाचता येते, लांबचे पाहायला चष्मा लागतो. एक डोळा लांबचा व दुसरा जवळचा असेही करतात. ते सर्वांनाच मानवत नाही. अनेक अंतरांची महागडी भिंगेही मिळतात, पण त्यांतून रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

केळीच्या बागेत फिरणाऱ्या, मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाने लांबची नजर घ्यावी. शिवणकाम करणाऱ्या बाईंचे गणित वेगळे आहे. आणि ज्यांना जन्मभर उणे नंबर होता, जे चष्मा काढूनच वाचत आले, त्यांचा नंबर न विचारता शून्य केला तर त्यांची आयुष्याची सवय मोडते. आमच्या मते अशांनी थोडा उणे नंबर ठेवण्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. शिबिराच्या गर्दीत कोणी आपणहून विचारेलच असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबांना नांदेडला किंवा हिंगोलीला तपासणीसाठी नेताना त्यांचा जुना चष्मा बरोबर घ्या. ते पेपर किती अंतरावर धरतात, ते घरीच टेपने मोजून डॉक्टरांना सांगा. एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली असेल तर तो कागदही न्या, कारण दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत फार तफावत राहिली तर चष्मा सोसत नाही. ठरवलेला नंबर थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून कायमचा चष्मा डोळा स्थिरावल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हाच करावा.